कारखाना गेला, माती राहिली : दूषित औद्योगिक जमीन साफ करण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर?

तळटीप

रासायनिक कारखाना बंद पडल्यावर यंत्रे भंगारवाल्याकडे जातात, कामगारांची देणी कामगार न्यायालयात जातात, पण जमिनीत मुरलेले रसायन कोणाच्याही ताळेबंदात दिसत नाही. २४ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्या वेळी जाहीर झालेल्या माहितीनुसार देशात १०३ स्थळे दूषित म्हणून निश्चित झालेली होती आणि प्रत्यक्ष सफाईचे काम त्यांपैकी अवघ्या सात ठिकाणी सुरू झाले होते. तंत्रज्ञान नाही म्हणून उरलेली ९६ स्थळे थांबली आहेत, असे मला वाटत नाही. ती थांबली आहेत कारण तिथली जमीन साफ करून कोणाचाही व्यवहार फायद्याचा ठरत नाही. या धाग्यात त्या व्यवहाराविषयीच बोलावे, अशी विनंती आहे.

सुरुवात एका एकराच्या हिशेबाने करू. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. दोन मीटर खोलीपर्यंतची माती काढायची म्हटले तर आठ हजार घनमीटरांहून थोडी अधिक भरते, आणि घनमीटरला १.८ टन धरल्यास साडेचौदा हजार टन होते. वीस टनांच्या डंपरने वाहून न्यायची तर सव्वासातशे फेऱ्या. त्यानंतर ही माती घातक कचऱ्याच्या अधिकृत भरावक्षेत्रात, म्हणजे आपल्याकडे तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीला, टनावारी पैसे मोजून टाकायची आणि रिकाम्या खड्ड्यात तितकीच स्वच्छ माती आणून भरायची. भूजलाचा प्रश्न यात अजून आलेलाच नाही. हा खर्च जमिनीच्या भावावर अवलंबून नसतो. तो ठाण्यात जेवढा येईल साधारण तेवढाच महाडला येईल. जमिनीचा भाव मात्र दोन्हीकडे एकसारखा नाही, आणि माझ्या मते सगळे अर्थकारण या एका विषमतेत आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे क्रोमियम. तमिळनाडूतील राणीपेट येथे सोडियम डायक्रोमेट बनवणारा एक कारखाना १९९५ च्या सुमारास बंद पडला आणि दीड लाख टनांहून अधिक क्रोमियमयुक्त गाळाचा ढीग मागे सोडून गेला. तो ढीग पुढे दशकानुदशके उघड्यावर राहिला आणि पावसाळ्यात त्यातून झिरपणारे पिवळे पाणी पालार नदीच्या खोऱ्यात उतरत राहिले. अमेरिकेत जर्सी सिटी येथेही क्रोमेटचे कारखाने होते आणि त्यांचा गाळ दलदलीत भराव म्हणून वापरला गेला होता. तिथल्या ३४ एकरांच्या एका जागेबाबत २००३ मध्ये संघीय न्यायालयाने हनीवेल कंपनीला सगळा गाळ खणून काढण्याचा आदेश दिला. त्याचा खर्च सुमारे ४० कोटी डॉलर अंदाजला गेला होता आणि गाळ सुमारे १५ लाख टन होता. रसायन दोन्हीकडे तेच. पण जर्सी सिटी मॅनहॅटनच्या समोरच्या काठावर आहे आणि राणीपेट चामड्याच्या कारखान्यांच्या शेजारी आहे.

न्यायालय मध्ये पडल्यावर तरी ही विषमता मिटते का, याचे उत्तर राजस्थानातील बिछडी गावाने दिले आहे. उदयपूरजवळच्या या गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस एच-ॲसिड हे रंगोद्योगातील मध्यवर्ती रसायन निर्यातीसाठी बनवले जात होते. ३७५ टन मालामागे सुमारे २,४४० टन गाळ तयार झाला, म्हणजे विकलेल्या प्रत्येक टनामागे साडेसहा टन. आमच्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तिथली माती आणि विहिरी तपासल्या. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषकानेच खर्च द्यावा हे तत्त्व लागू केले आणि पुढे ही रक्कम ३७.३८५ कोटी रुपये ठरली. त्यानंतर अर्जांवर अर्ज होत राहिले आणि पैसे आले नाहीत. अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयाने त्या रकमेवर ४ नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याज लावले. त्या निकालात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, खटला लांबवणे हा स्वतःच एक नफ्याचा धंदा आहे, हे न्यायालयाने ओळखले. बारा टक्के चक्रवाढीने रक्कम सहा वर्षांत दुप्पट होते. वार्षिक चक्रवाढ धरली तर निकालाच्या दिवसापर्यंत ती पावणेदोनशे कोटींच्या आसपास जाते. एवढ्या व्याजापुढे उशीर परवडत नाही. प्रश्न एवढाच की, हे व्याज चौदा वर्षांनी लावण्याऐवजी पहिल्या दिवसापासून आपोआप का सुरू होऊ नये?

रसायनी

मी रासायनिक उद्योगात काम केले आहे, म्हणून आपल्या एकराच्या हिशेबाला एक दुरुस्ती सुचवतो. संपूर्ण माती खणून हलवणे हा जवळजवळ नेहमीच शेवटचा पर्याय असतो, आणि त्याचे कारण भोपाळच्या आकड्यांत स्पष्ट दिसते. युनियन कार्बाइडच्या आवारातील ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरमधून पीथमपूरला गेला आणि जूनअखेर तो जाळून झाला. या कामासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले होते, म्हणजे टनामागे सुमारे ३७ लाख. आता नीरी आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने २०१० मध्ये त्या आवारातील दूषित माती ११ लाख टन असल्याचे नोंदवले होते, हे लक्षात घ्या. त्याच दराने ती माती जाळायची म्हटली तर आकडा चार लाख कोटींच्या वर जातो. असे कोणी करणार नाही आणि करूही नये. मातीसाठी वेगळे मार्ग असतात : जागेवरच अभेद्य भिंत आणि आच्छादन घालून ती बंदिस्त करणे, सिमेंट मिसळून घट्ट करणे, बाष्पशील द्रावके असतील तर हवा खेचून काढणे, आणि काही ठिकाणी जिवाणूंकडून विघटन करून घेणे.

तेव्हा खर्चाचा खरा निर्णय किती स्वच्छ म्हणजे पुरेसे स्वच्छ, या प्रश्नाच्या उत्तरावर होतो. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याच्या जागेत, जो मार्च २००१ मध्ये बंद झाला, पाऱ्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम हे उद्दिष्ट धरले गेले, आणि ते अधिक कडक असावे म्हणून कार्यकर्ते वर्षानुवर्षे भांडले. त्यांचे म्हणणे अवास्तव नव्हते, कारण ती जागा डोंगरउतारावर जंगलाला लागून आहे. मात्र शेवटच्या काही मिलिग्रॅमसाठी हलवावी लागणारी माती सुरुवातीच्या मिलिग्रॅमपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. वाहनतळासाठी एक पातळी, गोदामासाठी दुसरी आणि मुले खेळणार असतील तर तिसरी, हे ब्रिटनमध्ये स्वीकारलेले आहे. आपल्याकडे अडचण अशी की, आज गोदाम म्हणून मंजूर झालेली जागा दहा वर्षांनी निवासी होते आणि मधल्या काळात जुना अहवाल कोणत्या कपाटात गेला हे कोणालाही सांगता येत नाही.

सातबारा

रसायनी यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. मी जमिनीच्या व्यवहारांचे कागद पाहतो. घोडबंदर, पोखरण रस्ता, भांडुप आणि मुलुंडचा लालबहादूर शास्त्री मार्ग या पट्ट्यांत कारखान्यांच्या जागी निवासी संकुले उभी राहिलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. मालकी हक्काचा शोध तीस वर्षे मागे जाऊन घेतला जातो, बोजे तपासले जातात, कामगारांची देणी भागली का ते पाहिले जाते. मातीचा नमुना घेण्याचा आग्रह माझ्या पाहण्यात बहुधा परदेशी गुंतवणूकदारच धरतो. गिरणगावातील जमिनीचे तीन वाटे पालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात कसे करायचे यावर १९९१ च्या नियमावलीपासून २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत केवढे रण माजले. त्या सगळ्या वादात रंगखात्याखालच्या मातीचा विषय कधी मध्यभागी आला नाही.

यामागे शुद्ध व्यवहारबुद्धी आहे. मालकाने माती तपासली नाही तर ती कागदोपत्री स्वच्छ असते. तपासली आणि शिसे निघाले तर त्याला ते खरेदीदाराला सांगावे लागते, बँक तारणाचे मूल्य कमी करते, आणि नव्या नियमांखाली प्रदूषण मंडळ दारात येते. तपासणीचा खर्च काही लाखांचा असेल, पण तिच्यातून बाहेर पडणारे दायित्व काही कोटींचे असते. त्यामुळे शहाणा मालक जागेला कुंपण घालतो, पहारेकरी ठेवतो आणि भाव वाढण्याची वाट पाहतो. अज्ञान हाच सर्वांत स्वस्त पर्याय आहे तोपर्यंत कोणीही स्वतःहून ज्ञान विकत घेणार नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो आणि जर्सी सिटीचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. तळटीप यांनी त्या निकालाचे श्रेय जमिनीच्या भावाकडे वळवले आहे, ते अर्धेच बरोबर आहे. खटला स्थानिक धार्मिक आणि नागरी संघटनांनी चालवला होता, आणि न्यायालयाने केवळ वरून आच्छादन घालण्याचा पर्याय नाकारला. ज्या कंपनीला हा आदेश झाला तिने तो गाळ स्वतः टाकलेलाही नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील म्युच्युअल केमिकल कंपनीचे दायित्व विलीनीकरणांच्या साखळीतून तिच्याकडे आले होते. अमेरिकी कायद्यात दायित्व असे पूर्वलक्षी आणि सामाईक असते, म्हणून खिसा भरलेला असेल त्याला शोधून काढता येते. २०१८ मध्ये ती जागा नगरपालिकेने १० कोटी डॉलरना विकत घेतली ती घरे बांधण्यासाठीच. म्हणजे भावाचा हिस्सा आहेच, पण आधी कायदा आला.

सातबारा यांनी सांगितलेल्या कोंडीवर मात्र या राज्याकडे थेट उत्तर आहे. १९८३ पासून येथे असा कायदा आहे की, ठरावीक प्रकारचा कारखाना विकताना किंवा बंद करताना जमिनीची तपासणी आणि आवश्यक ती सफाई केल्याखेरीज व्यवहार पूर्ण होत नाही. १९९३ मध्ये तो सुधारून आजच्या स्वरूपात आला. विक्रेत्याच्या हातात पैसे येण्याच्या क्षणीच सफाईची अट त्याच्या समोर उभी राहते. नंतर कंपनी शोधत फिरावे लागत नाही. उद्योगांनी प्रथम प्रचंड ओरड केली, कारण राज्याच्या कार्यालयात फायली वर्षानुवर्षे तुंबल्या. त्यावर २००९ मध्ये परवानाधारक खाजगी तज्ज्ञांना कामे मंजूर करण्याचे अधिकार दिले गेले. त्यामुळे वेग वाढला. तज्ज्ञाचे शुल्क मालकच देतो, ही शंका मात्र उरलीच.

लेखापाल, विदर्भ

चर्चा चांगली चालली आहे, पण आतापर्यंत बँकेकडे कोणी पाहिलेले नाही. कारखाना दिवाळखोरीत गेला की २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ नुसार मालमत्तेचे पैसे ठरलेल्या क्रमाने वाटले जातात : प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि सुरक्षित धनको (म्हणजे तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँका वगैरे), आणि सरकारी देणी त्यांच्या बरीच खाली. सफाईचा खर्च सरकारचे येणे म्हणून मांडला तर रांगेत त्याचा क्रमांक येईपर्यंत तिजोरी रिकामी असते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये रेडवॉटर नावाच्या तेल कंपनीच्या प्रकरणात नेमका उलटा निर्णय दिला. विहिरी बंद करून जमीन पूर्ववत करणे हे धनकोचे येणे नसून कायद्याचे कर्तव्य आहे, आणि म्हणून दिवाळखोर कंपनीची मालमत्ता आधी त्यासाठी वापरली पाहिजे, असे तिथे ठरले. मी बँकांचे लेखापरीक्षण केलेला माणूस आहे आणि मला हा निर्णय आवडतो, कारण बँकेला आपली वसुली दुसऱ्या क्रमांकावर जाणार हे माहीत असेल तर कर्ज देतानाच ती माती तपासून घेईल. मात्र टोक गाठू नये. अमेरिकेत १९९० च्या एका अपील न्यायालयाच्या निकालानंतर धनको बँकाच सफाईला जबाबदार ठरतील अशी धास्ती पसरली, बँकांनी जुन्या औद्योगिक जागांना कर्ज देणे आखडते घेतले, आणि १९९६ मध्ये संसदेला धनकोंना संरक्षण देणारी दुरुस्ती करावी लागली.

दुसरा मुद्दा व्याजदराचा, म्हणजे पुढच्या वर्षांचा खर्च आजच्या पैशांत मोजताना धरायच्या दराचा. समजा, एका जागेचे भूजल तीस वर्षे उपसून शुद्ध करायचे आहे आणि वर्षाला एक कोटी खर्च आहे. आठ टक्के दराने त्याचे आजचे मूल्य सव्वाअकरा कोटी येते, तीन टक्क्यांनी साडेएकोणीस कोटींच्या वर जाते. पर्याय म्हणून पंधरा कोटींत सगळे खणून काढता येत असेल, तर पहिल्या दराने उपसा स्वस्त ठरतो आणि दुसऱ्या दराने खणणे. कंपनीचा सल्लागार अर्थातच चढा दर धरतो. हा दर कोणी ठरवायचा, यावर एक ओळही न लिहिता अहवाल मंजूर होतात.

रसायनी

तीस वर्षे पंप कोण चालवणार, हाही प्रश्न त्याच्यातच आहे. वीजबिल थकले की उपसा बंद.

आडवाट

क्षमा करा, पण या सगळ्या हिशेबात माणसे कुठे आहेत? भोपाळचा कचरा पीथमपूरला नेला तेव्हा तिथे उग्र आंदोलन झाले आणि दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. घातक माती महाग जमिनीवरून स्वस्त जमिनीकडे जाते, हा तुमच्या अर्थशास्त्राचा नियम असेल तर तुम्ही ज्याला सफाई म्हणता ती गरिबांच्या अंगणाकडे केलेली वाहतूक आहे. शिवाय सफाईचा फायदा खरोखर मोजता येतो का? अमेरिकेत एवढा पैसा ओतून झालेल्या अभ्यासांत घरांचे भाव वाढलेले दिसले नाहीत, असे मी वाचले होते.

तळटीप

आडवाट यांच्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो बरोबर आहे, आणि जागेवरच बंदिस्त करण्याच्या पर्यायाला वजन देणारा आहे. भोपाळच्या बाबतीत पर्यायही हातचा गेला होता. २०१२ मध्ये जर्मनीच्या सरकारी संस्थेमार्फत ३४६ टन कचरा विमानाने हॅम्बुर्गला नेण्याचा प्रस्ताव होता आणि त्याला केंद्रीय मंत्रिगटाने सुमारे २५ कोटी रुपये मान्य केले होते. जर्मनीतही विरोध झाला आणि करार फिसकटला. तेरा वर्षांनी जवळजवळ तेवढ्याच कचऱ्याला पाचपट रक्कम लागली, आणि ती ना कार्बाइडने दिली ना तिला २००१ मध्ये विकत घेणाऱ्या डाऊने. ४७ कोटी डॉलरची १९८९ ची तडजोड पुन्हा खुली करण्याची केंद्राची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळलेली होती.

दुसऱ्या मुद्द्याबाबत : आपण म्हणता तो अभ्यास ग्रीनस्टोन आणि गॅलाघर यांचा २००८ चा असावा. सुपरफंड, म्हणजे दूषित जागा साफ करण्याचा अमेरिकी सरकारी कार्यक्रम, याच्या यादीसाठी धोक्याचे गुणांकन होते आणि २८.५ ही रेषा होती. रेषेच्या जरा वर आणि जरा खाली राहिलेल्या जागांच्या परिसरांची त्यांनी तुलना केली आणि घरभावांतील फरक नगण्य निघाला. त्यांनी मोठे जनगणना-परिसर एकक म्हणून घेतले होते. २०१३ मध्ये इतरांनी अगदी जवळची घरे वेगळी काढून पाहिली तेव्हा वाढ स्पष्ट दिसली, आणि ती विशेषतः स्वस्त घरांत अधिक होती. माझे मत असे की, घराचा भाव हा फायद्याचा एक तुकडा आहे. बिछडीतल्या विहिरीचे पाणी पुन्हा पिता येणे घरभावात कधीच उतरणार नाही, कारण तिथे घरांचा बाजारच नाही.

सातबारा

आता महाराष्ट्रापुरते बोलतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये स्फोट झाले. सुमारे दीडशे धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय दुसऱ्या स्फोटाच्या आधीपासून चर्चेत आहे. कारखाने हलतील तेव्हा रिकाम्या होणाऱ्या भूखंडांचे काय करायचे हे आजच ठरले पाहिजे, कारण लोकवस्ती त्यांना चहूबाजूंनी भिडलेली आहे आणि निवासी वापराचा दबाव येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

येथे राज्याच्या हातात एक साधन आहे जे जर्सीकडेही नव्हते. एमआयडीसीचे भूखंड मालकीने दिलेले नसतात, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात, आणि भाडेपट्टा दुसऱ्याच्या नावावर करायचा तर महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते. त्या परवानगीला माती व भूजलाचा अहवाल जोडण्याची अट घालायला नव्या कायद्याची गरज भासू नये. भूखंड घेताना एक अहवाल आणि सोडताना दुसरा. दोन्हींतील फरकाची जबाबदारी सोडणाऱ्याची. जमीनमालक म्हणून महामंडळालाच याची सर्वांत जास्त निकड असायला हवी, कारण भाडेकरू पळाला तर २०२५ च्या नियमांत जबाबदार व्यक्ती शोधताना बोट त्याच्याकडे वळू शकते.

लेखापाल, विदर्भ

अहवालाची अट चांगली आहे, पण ती दिवाळखोर भाडेकरूला लागू पडत नाही, कारण तो हस्तांतरणाला येतच नाही. त्यासाठी कारखाना चालू असतानाच पैसे बाजूला पडले पाहिजेत. आमच्याकडे चंद्रपूर भागात कोळसा खाणींना हे २००९ पासून लागू आहे : खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी एस्क्रो खाते, म्हणजे त्याच कामासाठी अडकवून ठेवलेली ठेव. तेव्हाचा दर उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख होता. रासायनिक कारखान्याला अशी ठेव का नसावी, असे विचारले की लघुउद्योजक म्हणतात, आमचे खेळते भांडवल अडकेल, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. दहा कामगारांच्या कारखान्यावर कोटीची ठेव लादली तर तो मंडळाच्या नजरेआड जाऊन गाळ रात्री नाल्यात सोडेल.

त्यामुळे लहानांसाठी सामाईक निधी हाच मार्ग दिसतो. अमेरिकेने लव्ह कॅनाल येथे वस्तीखाली पुरलेला रासायनिक कचरा उघड झाल्यानंतर डिसेंबर १९८० मध्ये केलेल्या सुपरफंड कायद्यात खनिज तेल आणि मूळ रसायनांवर कर लावून तसा निधी उभारला होता. १९९५ मध्ये त्या कराची मुदत संपू दिली गेली आणि काही वर्षांत निधी आटला. मग ज्यांचा जबाबदार मालक सापडत नाही अशा जागांचा भार सर्वसामान्य करदात्यावर आला. २०२२ आणि २०२३ मध्ये तो कर दोन टप्प्यांत परत आणावा लागला. आपल्याकडे प्रत्येक कारखाना घातक कचऱ्याचे वार्षिक विवरणपत्र प्रदूषण मंडळाला भरतोच. त्यातल्या टनांवर अधिभार लावला तर वसुलीची नवी यंत्रणा उभी करावी लागणार नाही.

रसायनी

एक व्यावहारिक धोका सांगतो. अधिभार विवरणपत्रातल्या टनांवर लावला की विवरणपत्रातले टन कमी होतील. बिछडीचे प्रमाण आठवा : मालाच्या साडेसहा पट गाळ. प्रत्येक प्रक्रियेत कच्च्या मालावरून गाळाचा अंदाज बांधता येतो आणि कच्च्या मालाची खरेदी जीएसटीच्या नोंदींत असते. अधिभार त्या आकड्यावर बसवावा, आणि ज्याला आपला गाळ कमी आहे असे म्हणायचे आहे त्याने भरावक्षेत्राच्या पावत्या दाखवून परतावा घ्यावा.

सातबारा

हे जमण्यासारखे आहे. परतावा मिळायचा असेल तर पावत्या जपून ठेवल्या जातात, हा अनुभव आहे. डोंबिवलीच्या भूखंडांसाठी मात्र अधिभार जमा होण्याची वाट पाहता येणार नाही. तिथे हस्तांतरण शुल्कातून येणारी रक्कमच पहिल्या तपासण्यांसाठी राखून ठेवावी, असे निवेदन मी तयार करत आहे. मसुदा पुढच्या प्रतिसादात टाकतो. रसायनी यांनी कोणती रसायने तपासावीत याची यादी उत्पादनांनुसार करून दिली तर ती जोडता येईल, कारण नव्या नियमांत १८९ घातक रसायनांचा आधार घेतलेला आहे आणि सगळी सरसकट तपासायची म्हटली तर तपासणीचाच खर्च कोणाला झेपणार नाही.